पाणी येस

आमच्या खानदेशात गाव आखून वसवायची हौस जुनी आहे. माझा जन्म धुळ्याचा. धुळ्यात माणूस पत्ता सांगतो तो आकड्यानं, आणि आम्ही चौथ्या गल्लीतले. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात कापणारे बोळ. सगळी गावं अशीच असतात, अशी माझी लहानपणी समजूत होती. मामा रेल्वेत, भुसावळला. सुटीत त्यांच्या क्वार्टरला गेलं की तिथंही तोच प्रकार, एकाला एक लागून सारखी घरं आणि दारावर नंबर. एकदा खेळून आल्यावर मी शेजारच्याच घरात शिरले आणि पाटावर बसले. त्या घरच्या मामींनी मला पोटभर जेवू घातलं आणि मग विचारलं, "तू कोणाची गं?" आखलेल्या गावांबद्दलचं माझं पहिलं संशोधन ते.

पुढे हेच पोटापाण्याचं काम झालं. मी जळगावच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते आणि बरीच वर्षं नव्यानं वसवलेल्या गावांचा अभ्यास करते. 'नियोजित वसाहती आणि नागरी विकासापुढील आव्हाने' हे शब्द मी इतक्या अर्जांवर लिहिलेत की आता झोपेतही शुद्धलेखनाची चूक होणार नाही. चूक झाली ती जागेपणी, आणि तीही एका दोन अक्षरी शब्दात.

एरंडोलहून भडगावकडे जाताना रस्त्याच्या एका अंगाला माळ आहे. गिरणेच्या काठचं एक गाव वारंवार पुरात जायचं, म्हणून ते पूररेषेतून उठवून या माळावर आणून बसवलं. कागदावर त्याला लांबलचक सरकारी नाव आहे. लोक मात्र त्याला फक्कीचं गाव म्हणतात. घरं नव्हती, रस्ते नव्हते, तेव्हा मोजणीवाल्यांनी माळावर चुन्याची पांढरी फक्की मारून रेघा ओढल्या आणि सांगितलं, ही तुमची शाळा, हा बाजार, हे तुमचं घर. माणसं रेघेच्या आत उभी राहून बघत होती म्हणे. आता तिथं घरं आहेत, डांबरी रस्ते आहेत, आणि प्रत्येक घराच्या ओट्याशेजारी एक नळ आहे. नकाशा तर इतका देखणा की मी तो वर्गात दाखवायचे.

या गावाची पाहणी करायचं काम आमच्याकडे आलं. 'आमच्याकडे' म्हणजे पुण्याच्या एका संस्थेतले माझे मार्गदर्शक सर आणि मी. प्रश्नावली मी तयार केली. माहिती गोळा करायला सरांनी त्यांच्या चार विद्यार्थिनी पाठवल्या. मुली हुशार होत्या, उन्हाला न घाबरणाऱ्या होत्या. हातात टॅब, त्यावर प्रश्न, प्रश्नाखाली होय आणि नाही. पाण्याचा प्रश्न मी असा लिहिला होता: 'घरी नळ आहे का?' आणि 'पाणी येते का?' होय दाबलं की टॅब पुढच्या विषयावर उडी मारायचा. नाही दाबलं तरच पुढचे चार प्रश्न उघडायचे, की मग पाणी कुठून आणता, किती दिवसांनी, कोण आणतं. लोकांचा वेळ जाऊ नये म्हणून केलेली ही युक्ती माझीच. सरांनी कौतुकही केलं होतं.

पहिल्या दिवशी मीही मुलींबरोबर गेले. पहिल्याच ओळीतल्या घरी एक अक्का राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, कपाळावर गोंदण, आवाज असा की समोरच्या ओळीत ऐकू जावा. जुनं गाव सोडून सगळ्यात आधी सामान हलवलं ते त्यांनी. बाकीचे का-कू करत होते, तेव्हा यांनी चूल उचलली आणि चालू लागल्या. त्यांच्या मागून अख्खी गल्ली आली. आम्ही ओट्यावर टेकलो न टेकलो तोच त्यांनी प्रत्येकीच्या हातात पाण्याचा भरलेला तांब्या दिला. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी, मग नाव-गाव. मी घटाघटा प्यायले. मुलीनं विचारलं, "आजी, पाणी येतं का?" अक्का म्हणाल्या, "येस." मुलीनं होय दाबलं. टॅबनं उडी मारली आणि आम्ही शौचालयाच्या प्रश्नावर गेलो.

मी तिथंच बसले होते, ओठ पुसत. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर मी काही दिवस मुलींवर ढकलायचा प्रयत्न केला होता.

तक्ता तयार झाला. पाण्याच्या रकान्यात जवळजवळ सगळी घरं होय. मला थोडं आश्चर्य वाटलं, पण आनंदच जास्त झाला. नव्या वसाहतींमध्ये पाण्याची बोंब असतेच, आणि हे एक गाव वेगळं निघालं होतं. मी अहवालात त्यावर एक खास परिच्छेद लिहिला. वाक्यं चांगली जमली होती. खाली माझी सही.

काही महिन्यांनी, हिवाळ्याच्या तोंडाशी, अक्कांचा फोन आला. पाहणीच्या दिवशी मी त्यांना नंबर दिला होता. त्या सरळ मुद्द्यावर आल्या.

"मॅडम, यादीमाईन आमनं नाव कसं काय कटनं?"

चौकशी केली तेव्हा कळलं. धरणावरून नवी जलवाहिनी येणार होती आणि ती कोणकोणत्या वसाहतींना जोडायची याची यादी लागली होती. फक्कीचं गाव त्यात नव्हतं. शेऱ्यात लिहिलं होतं, पाणीपुरवठा सुरळीत. आधार म्हणून आमचा अहवाल. अक्का पुढे म्हणाल्या ते मला जास्त लागलं. लोक पुन्हा खाली जायला लागले होते. जुन्या गावात, नदीवर, पूररेषेत. तिथं पडकी का होईना घरं होती, आणि विहीर होती. "दोन घर गयात. उन्हाळामा बठ्ठा जातीन. मीच आनं व्हतं ना त्यासले वर. आते कोन्हा तोंडवर दखू?" बठ्ठा, म्हणजे सगळे.

खरं सांगते, माझी पहिली प्रतिक्रिया संशोधकाची होती, म्हणजे अंग झटकायची. मी म्हटलं, "पण अक्का, पाणी येतं का विचारलं तेव्हा तुम्हीच तर होय म्हणालात."

त्या लगेच म्हणाल्या, "मी हाव कव्हय म्हनी? मी येस म्हनी. येस ना. टँकरनं येस, आठ दिनमा एकदाव. नळनं कोनी इचारं व्हतं?"

ज्यांना अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या बोलीत 'येतं'ला येस म्हणतात. बस येस, पाऊस येस, पाहुणा येस. होकाराला आमच्याकडे हाव. त्या मुलींनी ऐकलं ते इंग्रजी येस. दाबलं होय. गाव सांगत होतं की पाणी येतं, आणि पुढे सांगणार होतं कशानं येतं, किती दिवसांनी येतं. पण तेवढ्यात टॅब उडी मारून गेलेला असायचा. सत्तरी ओलांडलेली बाई विचारलेल्या प्रश्नाचं एका शब्दात नेमकं उत्तर देते आणि आपण त्याचा इंग्रजीत निकाल लावतो.

मुली पुण्याच्या. त्यांना कुठून कळणार? पण मी तर चौथ्या गल्लीतली. माझी आई माझ्याशी याच भाषेत बोलायची. आणि मला शाळेतली गोष्ट आठवली, जी मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. तिसरीत असताना तपासणीला साहेब आले होते. त्यांनी मला उठवलं आणि विचारलं, "कविता येते का?" मी म्हटलं, "येस." साहेब खूश झाले. म्हणाले, "अरे वा, इंग्रजीसुद्धा?" वर्ग खदाखदा हसला. ते गेल्यावर बाईंनी मला बाकावर उभं केलं, आणि घरी वडिलांनी, जे स्वतः शिक्षक होते, ठरवून टाकलं की यापुढे घरात गावठी बोलायचं नाही. आईनं बोलायचं कमी केलं. मी तर पूर्णच सोडलं. चांगले मार्क पडले, चांगली नोकरी लागली. कान मात्र एवढा साफ धुऊन निघाला की अक्का माझ्यासमोर 'येस' म्हणाल्या आणि मला त्यात होकारच ऐकू आला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्या संध्याकाळी मला स्वतःची फार लाज वाटली. आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. मी रागावले की कामाला लागते, रडत बसत नाही. हा गुण आईचा.

यादीवर हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती. मी सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एका शब्दावरून अख्खा अहवाल मागे घेणार? लोक म्हणतील यांच्या सगळ्याच तक्त्यांत असले शब्द असतील. पुढच्या अहवालात एक तळटीप टाकू." मी म्हटलं, "सर, पुढचा अहवाल येईपर्यंत गाव नदीवर गेलेलं असेल." ते म्हणाले, "तू भावनेच्या भरात बोलते आहेस." मी म्हटलं, "हो, आणि आकड्यांच्या भरातही बोलते आहे, कारण आकडे चुकलेत." त्यांना ते आवडलं नाही. मलाही फोन ठेवल्यावर धास्ती वाटली, कारण पुढचा मोठा प्रकल्प त्यांच्याच हातात होता.

दुसऱ्या दिवसापासून मी एकटीच निघाले. कॉलेज सुटलं की जळगावहून एस.टी.नं एरंडोल, तिथून रिक्षानं माळावर. टॅब घरी ठेवला. शंभर पानी वही आणि दोन पेन. प्रश्न एकच, आणि तो मी एस.टी.त बसून मनात घोकत होते, कारण ती भाषा तोंडात यायला तयार नव्हती. इंग्रजीतून व्याख्यान देताना मी कधी घाबरले नाही, पण आईच्या भाषेत एक वाक्य बोलायला मला हिवाळ्यात घाम फुटत होता.

पहिलं घर अक्कांचंच. मी ओट्यासमोर उभी राहून म्हटलं, "अक्का, नळले शेवटलं पानी कव्हय उनं व्हतं?" नळाला शेवटचं पाणी कधी आलं होतं, एवढंच.

त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुले बोलता येस?" त्या म्हणाल्या. मॅडमचं तू झालं होतं. मग म्हणाल्या, "उद्घाटनले."

उद्घाटनाला. त्यानंतर एकदाही नाही. मी पुढच्या घरी गेले, त्याच्या पुढच्या घरी गेले, आणि वहीत एकाखाली एक तेच लिहीत गेले. उद्घाटनाला, उद्घाटनाला, एक दिवस उद्घाटनाला. अक्कांच्या नळावर सुतळीत ओवलेला झेंडूचा हार अजून होता, वाळून काळा झालेला. दुसऱ्या एका नळाचा खुंटीसारखा उपयोग होत होता, त्याला पिशवी अडकवली होती. पहिल्या खेपेला हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं असणार. पण प्रश्नावलीत हाराचा रकाना नव्हता.

एक अडचण मात्र मी धरली नव्हती. प्रत्येक घरी तांब्या पुढे यायचा. आता मला माहीत होतं की हे पाणी टँकरचं आहे आणि टँकरला अजून पाच दिवस आहेत. मी बाटली बरोबर नेली आणि पहिल्या घरी नको म्हटलं. अक्कांचा चेहरा असा उतरला की मला कळेना काय झालं. त्या म्हणाल्या, "मन्हा घरनं पानी चालत नही का तुले?" आमच्या भागात कुणाच्या घरचं पाणी नाकारणं म्हणजे काय, हे मला वेगळं सांगायला नको होतं. मी तांब्या घेतला, एक घोट प्यायले, बाकीचं परत दिलं. त्यांनी ते माठात ओतलं नाही, उष्टं म्हणून तुळशीलाही घातलं नाही. माझ्यादेखत भांडी घासायच्या बादलीत नीट ओतलं, एक थेंब बाहेर पडू दिला नाही. मग मी प्रत्येक घरी एकच घोट घ्यायचा नेम केला. परत निघेपर्यंत पोट पाण्यानं डब्ब व्हायचं आणि मन भरून यायचं. पहिल्या खेपेला मी तो तांब्या घटाघटा संपवला होता, आणि त्यावरूनच मनात नोंदलं होतं की इथं पाणी मुबलक आहे.

मुदतीच्या आत वही पूर्ण झाली. मी हरकत दाखल केली आणि सुनावणीला अक्कांना बरोबर घेऊन गेले. त्या इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या होत्या. साहेब नव्यानं बदलून आलेले, दूरच्या जिल्ह्यातले, बोलायला सभ्य. त्यांच्यासमोर माझाच अहवाल होता, तक्त्याच्या पानावर खूण घालून.

"या तक्त्याखाली सही कुणाची?"

"माझी."

"आणि आता तुम्हीच म्हणता तक्ता चुकीचा?"

"हो. चूक मुलींची नाही, माझी आहे. प्रश्न चुकीचा विचारला."

साहेबांना हे पटेना. त्यांनी सरळ अक्कांना विचारलं, "आजी, तुम्हीच सांगा. तुमच्याकडे पाणी येतं का?"

"येस," अक्का म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहून दोन्ही हात पसरले. मागच्या टेबलावरचे लिपिक खाली मान घालून हसायला लागले. त्यांतले एक धीर करून म्हणाले, "साहेब, येस म्हणजे येतं."

"म्हणजे येसच ना?"

"नाही साहेब. येस म्हणजे… येतं."

आता सगळीच खोली हसत होती. मीही हसले असते, पण तिसरीतला वर्ग आठवला. मी उभी राहिले. त्या खोलीत माझे दोन विद्यार्थी नोकरीला होते, ज्यांना मी शुद्ध बोलण्याबद्दल बोललेही असेन. मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अक्का, नळले शेवटलं पानी कव्हय उनं व्हतं?"

"नळले? उद्घाटनले," अक्का म्हणाल्या. "मोठा साहेब उनात, तोटी खोली, फोटो काढा. त्या गयात, पानीबी गयं." मग त्यांनी खोलीवर नजर फिरवली आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "हासू नका. आमले पानी लागस."

कुणी हसलं नाही त्यानंतर.

साहेबांनी माझी वही मागून घेतली आणि पानं उलटली. उद्घाटनाला, उद्घाटनाला, उद्घाटनाला. बराच वेळ ते वाचत राहिले. म्हणाले, दुरुस्ती करता येईल, पण मूळ अहवालातली चूक संशोधकाची आहे असं लेखी लागेल. मी तिथंच बसून लिहून दिलं. अक्का शेजारी बसून अक्षर वाचता येत असल्यासारखं कागदाकडे बघत होत्या. सही झाल्यावर म्हणाल्या, "मोठी सही शे तुन्ही."

पुढचा प्रकल्प मला मिळाला नाही. सरांनी कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वाईट वाटलं. अजून वाटतं. पण माझ्या वर्गात आता पाहणीच्या धड्याची सुरुवात त्या वहीनं होते, आणि एरंडोल-पारोळ्याकडची मुलं पहिल्यांदा वर्गात आपल्या भाषेत प्रश्न लिहितात. सुरुवातीला लाजतात. मी त्यांना लाजू देत नाही.

गावाचं नाव यादीत परत आलं. तरी पाइप यायला एक उन्हाळा गेला, आणि त्या उन्हाळ्यात आणखी काही घरं नदीवर उतरली. अक्का उतरल्या नाहीत. मी अधूनमधून फोन करायचे. विचारायचे, "पानी?" त्या म्हणायच्या, "टँकरनं." मी 'बरं' म्हणून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन बसायचे. तिथले लिपिक मला लांबून पाहूनच म्हणायला लागले होते, "उनी माय." उनी म्हणजे आली.

परवा अक्कांचा फोन आला. म्हणाल्या, "ये." बाकी काही सांगितलं नाही. मी रविवारी गेले. नदीवर गेलेल्या दोन घरांच्या ओट्यांवर पुन्हा कपडे वाळत होते. अक्कांच्या नळावरचा हार कुणीतरी काढला होता आणि त्याखाली बादली होती. मी काही विचारायच्या आत त्यांनी तांब्या हातात दिला. सवयीनं मी एक घोट घेतला आणि परत करायला लागले.

त्यांनी तो घेतला नाही. "बठ्ठा पी," म्हणाल्या.

मी प्यायले, तळ दिसेपर्यंत. मग रिकामा तांब्या पुढे केला आणि म्हटलं, "अक्का, अजून एक."

आतून भरून आणायला त्या उठल्याच नाहीत. बसल्या जागेवरून हात लांब करून त्यांनी तोटी फिरवली, तांब्या भरला, मला दिला, आणि पदरानं हात पुसत म्हणाल्या, "येस. आते लिखी ले."